जावातलं बिलिंग उबुंटूवर चालेल काय?

प्रश्न: आमचं निपाणीत हार्डवेअरचं दुकान आहे. बिलिंगचं सॉफ्टवेअर ओळखीच्या एका पोरानं जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेत करून दिलंय, बिलावर मालाचं नाव मराठी अन् कन्नड दोन्हीत येतंय. विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ ला संपला, आमच्या जुन्या पीसीवर ११ बसत नाही, म्हणून मुलगा म्हणतोय विंडोजच्या जागी उबुंटू, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, टाकूया, जावा कुठंही चालतंय. खरंच काही न बदलता चालेल काय हो? – एक वाचक, निपाणी

उत्तर: मुलगा निम्मा बरोबर आहे बघा. १९९५ साली सन मायक्रोसिस्टम्सनं जावा आणलं तेच 'एकदा लिहा, कुठंही चालवा' म्हणत, आणि प्रोग्रामर लोकांनी त्याचं 'एकदा लिहा, सगळीकडं चुका शोधा' करून टाकलं. तुमची जार फाइल, म्हणजे पोरानं दिलेला तयार प्रोग्राम, तीच राहते हे खरं, पण ती चालवणारं जावा व्हर्च्युअल मशीन विंडोजचं वेगळं, लिनक्सचं वेगळं, म्हणजे बदल होतोच, फक्त तो तुमच्याऐवजी दुसऱ्या कुणीतरी आधीच करून ठेवलेला असतो. हिशोब, जीएसटी, स्टॉक असलं सगळं सहसा बिनबोभाट चालतं.

घोळ होतो तो प्रोग्राम मशीनशी थेट बोलायला लागला की. पोरानं डेटाचा पत्ता कोडमध्येच 'सी ड्राइव्ह' असा लिहून ठेवला असेल तर उबुंटूत सी ड्राइव्ह नावाची चीजच नाही, आणि फाइलच्या नावातलं कॅपिटल-स्मॉल विंडोज मनावर घेत नाही पण लिनक्स घेतं, त्यामुळं लोगो एकदम गायब. फाँटचं तर आपल्या भागात जास्तच, कारण मराठीला मंगल अन् कन्नडला तुंगा हे मायक्रोसॉफ्टचे फाँट, ते उबुंटूसोबत येत नाहीत. प्रिंटर चालवणारा विंडोजवाला ड्रायव्हर तर तिकडं उपयोगाचाच नाही, लिनक्सचा मिळतो काय ते मॉडेल बघून शोधा.

कुणी म्हणेल वाइन टाका, विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालतात. वाइन चांगलंच आहे, १९९३ पासून चाललंय, पण ड्रायव्हरचं काम ते करत नाही, आणि जावासाठी त्याची गरजच काय?

डिस्क लगेच पुसू नका. डेटाचा बॅकअप घ्या, उबुंटू पेनड्राइव्हवरून तसंच चालू होतं, त्यात जावा टाकून मराठी-कन्नड दोन्ही नावांचं एक बिल छापून बघा. अक्षरांच्या जागी चौकोन आले तर फाँट, कागदच हलला नाही तर प्रिंटर, आणि प्रोग्राम उघडतानाच रडला तर त्या पोराला फोन लावा, पत्ता कुठं लिहून ठेवलाय ते त्यालाच ठाऊक.