शाळेत मुलांच्या वर्गाच्या पार्टीची जबाबदारी पहिल्यांदाच तुझ्याकडे आलीय?

मग सगळ्यात आधी एक कर. मुलांकडून हस्तकलेची जी वस्तू करून घ्यायचीय, ती आदल्या आठवड्यात घरी स्वतः करून बघ, घड्याळ लावून. तुला पाच मिनिटं लागली तर पहिली-दुसरीच्या मुलांना पंधरा लागणार, हे धरूनच चाल.

खरा घोळ घालतो तो डिंक. माझ्या पहिल्या पार्टीत मी बाटलीतला पातळ डिंक वाटला होता. घंटा झाली तरी कागदी तारे ओलेच! दप्तरात ते एकमेकांना आणि एकाच्या गृहपाठाच्या वहीला असे चिकटले की विचारू नकोस. तेव्हापासून फक्त ग्लू स्टिक किंवा दुहेरी टेप. चमकीचं तर नावच काढू नकोस, पुढे कित्येक दिवस फरशीवरून वेचत बसशील.

आकार आधीच कापून प्रत्येकाचा संच वेगळ्या पाकिटात भर. तीन-चार संच जास्तीचे ठेव, कुणाचं तरी फाटतंच. आधी मागच्या बाजूला नाव लिहून घ्यायचं, चिकटवाचिकटवी नंतर. डावखुऱ्या मुलांसाठी वेगळी कात्री घे. नेहमीच्या कात्रीने त्यांचा कागद कापला न जाता दुमडतो.

सगळा वर्ग एकाच कामाला बसवू नकोस. तीन-चार गट कर, एकीकडे हस्तकला, एकीकडे खेळ, ठरावीक वेळाने अदलाबदल. लवकर संपवणारे दोघं-तिघं असतातच, त्यांना रंगवायला चित्र दे. खाऊ असेल तर कुणाला कसली ॲलर्जी आहे ते वर्गशिक्षिकेला आधी विचार.