180 पौंडांच्या पैठणीवर 81 पौंडांचं बिल: हिशेब, परतावा आणि पुढच्या वेळची काळजी

तुमचे प्रश्न दोन. येवल्याच्या दुकानाच्या वेबसाइटवरून 180 पौंडांची पैठणी मागवली, वर 22 पौंड कुरिअर खर्च दिला. दुकानाने 'सर्व करांसहित' असं लिहिलं होतं, तरी घरी साडी आल्यावर कुरिअर कंपनीने 81 पौंड 49 पेन्सचं बिल पाठवलं. ही फसवणूक आहे का? आणि आता दिवाळी अंक मागवायचे आहेत, त्यांवरही असंच लागेल का? खालचं सगळं इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्सपुरतं आहे. उत्तर आयर्लंडचे नियम वेगळे आहेत.

फसवणूक नाही. 'सर्व करांसहित' म्हणजे भारतातला जीएसटी धरून. ब्रिटनच्या कराशी त्या शब्दांचा काही संबंध नाही. उलट निर्यातीच्या मालावर भारतात जीएसटी शून्य दराने लागतो, म्हणजे दुकानाने एलयूटी (जीएसटी न भरता निर्यात करण्यासाठीचं हमीपत्र) भरून निर्यात बिल केलं असतं तर साडीवरचा 5 टक्के जीएसटी तुमच्याकडून घ्यायलाच नको होता. 180 मध्ये तो धरलेला असेल तर मूळ किंमत 171 पौंड 43 पेन्स होते. तुम्ही भारताचा कर भरलात आणि त्या रकमेवर पुन्हा इथला कर भरलात. ऑर्डर देण्याआधी दुकानदाराला एवढंच विचारायचं: 'एक्स्पोर्ट इनव्हॉइस जीएसटीशिवाय करता का?' नियमित परदेशी माल पाठवणाऱ्याला हे माहीत असतं.

आता बिलाची फोड. ड्यूटीमाफीची मर्यादा 135 पौंडांची आहे आणि ती मालाच्या किमतीवर बघतात. कुरिअर खर्च इनव्हॉइसवर वेगळा दाखवला असेल तर तो त्यात धरत नाहीत. 135 पर्यंतच्या मालावर कस्टम्स ड्यूटी नाही, आणि व्हॅट (ब्रिटनचा विक्रीकर) विक्रेत्याने किंवा मोठ्या मार्केटप्लेसने खरेदीच्या वेळीच घ्यायचा असतो. 1 जानेवारी 2021 पासून ही पद्धत आहे. 135 च्या वर गेलात की ड्यूटी आणि व्हॅट दोन्ही सीमेवर लागतात, आणि तिथे मात्र कुरिअर खर्च आणि विमाही किमतीत मिळवतात. म्हणजे मर्यादा मोजताना खर्च बाहेर, कर मोजताना खर्च आत. बहुतेकांचा हिशेब इथेच चुकतो.

तुमच्या बाबतीत 180 अधिक 22 म्हणजे 202. तयार कपड्यांचा सर्वसाधारण दर 12 टक्के, त्याने ड्यूटी 24.24. ती मिळवून 226.24 झाले, त्यावर 20 टक्के व्हॅट 45.25. दोन्ही मिळून 69.49. तुमच्या बिलातले उरलेले 12 पौंड सरकारचे नाहीत, ती कुरिअर कंपनीची फी आहे. कंपनी तुमच्या वतीने कर आधी भरते, माल पोचवते आणि मग वसुली करते, त्याचे हे पैसे. टपालाने आलं की रॉयल मेल यासाठी 8 पौंड घेत आली आहे. ही फी पार्सलमागे असते, त्यामुळे छोट्या पार्सलला ती फार जाचते.

बिल बरोबर आहे, पण डोळे मिटून भरू नका. इनव्हॉइसवर वर्णन काय आहे ते बघा. नुसतं 'गारमेंट' लिहिलं की अधिकारी तयार कपडा धरतो. न शिवलेली साडी कापड म्हणून नोंदली जाऊ शकते आणि तिथे दर वेगळा येतो. म्हणून वर्णनात 'विणलेली रेशमी साडी, न शिवलेली, 1 नग' असं स्पष्ट हवं आणि जमल्यास कमोडिटी कोड, म्हणजे ड्यूटीचा दर ठरवणारा मालाच्या प्रकाराचा क्रमांकही हवा. रक्कम रुपयांत असेल तर ती एचएमआरसीच्या (ब्रिटनच्या कर खात्याच्या) त्या महिन्याच्या दराने पौंडांत बदलतात, बँकेच्या दराने नाही. थोडा फरक दिसला तर कारण हेच.

जास्त कर लागला असं वाटलं किंवा साडी परत पाठवली, तर परतावा मागता येतो. रॉयल मेल किंवा पार्सलफोर्सने आणलेल्या पार्सलसाठी बीओआर 286 हा अर्ज, खासगी कुरिअरसाठी सी 285. सोबत इनव्हॉइस, बँकेची नोंद, परत पाठवल्याची पावती आणि पार्सलवर चिकटवलेलं कर आकारणीचं लेबल लागतं. नेमकं हे लेबलच लोक खोक्यासकट रिसायकलिंगमध्ये टाकतात. खोकं उघडताना लेबलावर कात्री चालवू नका, आधी फोटो काढा, मग तो तुकडा कापून जपून ठेवा.

टपालाचं पार्सल अडकलं तर पैसे भरायला साधारण तीन आठवडे मिळतात, मग ते परत जातं. पैसे मागणारा एसएमएस आला तर त्यातली लिंक दाबू नका. ट्रॅकिंग नंबर कंपनीच्या साइटवर स्वतः टाकून बघा.

दुकानदार हमखास दोन सल्ले देतात आणि दोन्ही घातक आहेत. पहिला, 'किंमत 20 पौंड लिहितो'. खोट्या किमतीचं पार्सल जप्त होऊ शकतं, आणि हरवलं तर भरपाईही 20 पौंडांचीच. दुसरा, 'गिफ्ट लिहितो'. स्वतः पैसे देऊन मागवलेली वस्तू गिफ्ट नसते. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला सणावाराला किंवा वाढदिवसाला पाठवलेली तीच भेट. अशा खऱ्या भेटीवर 39 पौंडांपर्यंत काहीच लागत नाही, 39 ते 135 वर फक्त व्हॅट, आणि 135 ते 630 मध्ये ड्यूटी सरसकट 2.5 टक्के, काही वस्तूंवर त्याहून कमी. आई पुण्याहून दोन्ही नातवंडांना एकाच खोक्यात भेट पाठवणार असेल तर प्रत्येकाची वस्तू वेगळी गुंडाळून त्यावर नाव लिहायचं आणि पार्सलच्या कस्टम्स फॉर्ममध्ये वेगळ्या ओळीत किंमत द्यायची. मग 39 ची सवलत प्रत्येकाला स्वतंत्र मिळते. खोक्यात पेढे, बर्फी, तूप नको, दुग्धजन्य पदार्थ भारतातून आणायला बंदी आहे. चिवडा-चकली चालते. ताजा कढीपत्ता वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राशिवाय येत नाही.

एक कमी माहीत असलेला फटका. 80-80 पौंडांच्या दोन ऑर्डरी वेगवेगळ्या दिवशी दिल्या, दोन्हींवर खरेदीच्या वेळी व्हॅट भरला, आणि विक्रेत्याने खर्च वाचवायला दोन्ही एकाच खोक्यात घातल्या. खोकं 160 चं झालं, सीमेवर ड्यूटी लागली आणि व्हॅट दुसऱ्यांदा. 'एकत्र पॅक करू नका' हे ऑर्डरीच्या टिपेतच लिहा. नोव्हेंबर 2025 च्या अर्थसंकल्पात 135 पर्यंतची ड्यूटीमाफी उशिरात उशिरा मार्च 2029 पर्यंत रद्द करायचं जाहीर झालं आहे, तेव्हा ही सोयही कायमची नाही.

भारत-ब्रिटन व्यापार कराराबद्दल बरेच जण विचारतात. सह्या 24 जुलै 2025 ला झाल्या. पण अशा करारातली सवलत माल भारतातून निघाला एवढ्यावर मिळत नाही. तो भारतात बनल्याचा पुरावा लागतो. शिवाय ती सवलत ड्यूटीपुरती असते, 20 टक्के व्हॅट तसाच राहतो. तुमच्या बिलातही मोठा आकडा व्हॅटचाच आहे.

लहान मुलांचे कपडे व्हॅटमध्ये शून्य दराचे आहेत. मुलीचं परकर-पोलकं मागवलंत तर वर्णनात वय आणि माप लिहायला सांगा, नाहीतर मोठ्यांचे कपडे धरून 20 टक्के लागतील.

दिवाळी अंकांची चिंता नको. छापील पुस्तकं आणि मासिकं दोन्हींवर व्हॅट शून्य आणि ड्यूटीही शून्य, खोकं 150 पौंडांचं असलं तरी. अडचण येते ती अंकांबरोबर कालनिर्णय मागवल्यावर. कॅलेंडर आणि डायरी इथे पुस्तकात मोडत नाहीत, त्यांवर पूर्ण 20 टक्के व्हॅट आहे. इनव्हॉइसवर 'पुस्तके व इतर' अशी एकच ओळ असेल तर सगळ्या खोक्यावर कर लागू शकतो. अंकांची एक ओळ, कॅलेंडरची दुसरी, प्रत्येकी नग आणि किंमत, असं बिल आधी मागवून बघा आणि मगच पैसे भरा.