गोल्फचे नियम नेमकं कोण ठरवतं आणि त्या संस्थांवर एवढी टीका का होते?

नियम दोन संस्था मिळून ठरवतात. अमेरिका आणि मेक्सिकोत यूएसजीए (अमेरिकेची गोल्फ संघटना), बाकी जगभर स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजची आर अँड ए. 1952 पासून दोघींची नियमावली एकच आहे. पीजीए टूर, म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक गोल्फपटूंची मालिका, वेगळी. ती स्पर्धा भरवते.

टीकेची कारणं बरीच आहेत. मला सगळ्यात जास्त खटकतो तो त्यांचा उशीर.

2016 ची यूएस ओपन (ही यूएसजीएचीच स्पर्धा), ओकमाँटचं मैदान, शेवटची फेरी. पाचव्या ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, अमेरिकन गोल्फपटू डस्टिन जॉन्सन पट (चेंडू होलकडे ढकलण्याचा हलका फटका) मारायच्या तयारीत असताना चेंडू केसभर हलला. त्याने लगेच पंचांना सांगितलं, माझ्यामुळे नाही हलला. पंचांनी ते मान्य केलं, दंड नाही. आणि मग बाराव्या टीवर (जिथून होलचा पहिला फटका मारतात) त्याला निरोप: फेरी संपल्यावर पुन्हा बघू, कदाचित दंड लागेल! पुढचे सात होल तो आणि त्याचे प्रतिस्पर्धी खरा स्कोअर माहीत नसताना खेळले. शेवटी एक स्ट्रोक (म्हणजे स्कोअरमध्ये एक जादा फटका) दंड लागलाच. तो तीन स्ट्रोकने जिंकला म्हणून निभावलं. टीव्हीसमोर बसून माझा नुसता संताप होत होता. पट जपून मारायचा की धोका पत्करायचा, हे स्कोअरवरच तर ठरतं.

पुढच्याच वर्षी अमेरिकन गोल्फपटू लेक्सी थॉम्प्सनला एएनए इन्स्पिरेशन या महिलांच्या मोठ्या स्पर्धेच्या शेवटच्या फेरीत, ऐन आघाडीवर असताना, चार स्ट्रोकचा दंड झाला. चूक आदल्या दिवशीची, तीही एका प्रेक्षकाने ईमेलने कळवलेली. चेंडू तिने चुकीच्या जागी ठेवला होता, हे खरंच. पण बरोबरी झाल्यावरच्या निर्णायक प्लेऑफमध्ये हातचं विजेतेपद गेलं. दोन्ही बाबतींत नियम नंतर बदलले: 2017 पासून ग्रीनवर चेंडू चुकून हलला तर दंड नाही, 2018 पासून प्रेक्षकांच्या तक्रारी बंद.

चेंडूचंही तेच. फटक्यांचं अंतर आणखी वाढणं खेळासाठी बरं नाही, असं या दोन्ही संस्थांनी 2002 मध्येच लिहून दिलं होतं. चेंडूची चाचणी कडक करायचा निर्णय जाहीर झाला डिसेंबर 2023 मध्ये. चाचणीत चेंडू जास्तीत जास्त किती लांब जाऊ शकतो याची मर्यादा तीच, 317 यार्ड. पण चाचणीतल्या क्लबचा (चेंडू मारायच्या काठीचा) वेग ताशी 120 ऐवजी 125 मैल धरून. मधल्या 21 वर्षांत कितीतरी मैदानांना टी मागे सरकवाव्या लागल्या, जास्तीची जमीन आणि पाणी लागलं. निर्णय मला पटतो. हौशी खेळाडूंचं नुकसान जेमतेम पाच यार्डांचं, असं संस्थांचं म्हणणं आहे, आणि तेवढं मी आनंदाने सोसेन.