सड्याखालच्या झऱ्याचं पाणी घरी आणताना

तुमचे प्रश्न थोडक्यात असे: सिंधुदुर्गात सड्याखालच्या (जांभ्याच्या सपाट माळाखालच्या) उतारावर घर, घरापासून ३०० मीटरवर आणि १८ मीटर उंचीवर झरा, घरात पाच माणसं, गोठ्यात दोन म्हशी. २५ मिमीचा पाइप पुरेल का, आणि घरी फिल्टर बसवला तर पाणी थेट पिता येईल का?

पाइप पुरेल. फिल्टरबद्दल मात्र आधी हे सांगायला हवं की पाण्याची शुद्धता झऱ्याच्या मुखाशी ठरते, स्वयंपाकघरात नाही. पाणी डोंगरातून बाहेर पडतं तेव्हा ते सहसा स्वच्छ असतं. ते बिघडतं त्यापुढच्या चार-पाच पावलांत, डबक्यात, पाचोळ्यात, गुरांच्या खुरांखाली. म्हणून ते उघड्यावर येण्याआधीच धरायचं.

पहिलं काम मोजणीचं, आणि ते मे महिन्याच्या शेवटच्या पंधरवड्यात करायचं. ऑक्टोबरात कोकणातला कुठलाही पाझर भरघोस दिसतो, त्या आकड्यावर योजना आखू नका. मुखाखाली चिखलाचा छोटा बांध घाला, त्यातून पाइपचा तुकडा बाहेर काढा आणि १५ लिटरची बादली किती वेळात भरते ते तीनदा मोजून सरासरी घ्या. बांधाच्या कडेने पाणी निसटू देऊ नका. बादली १० मिनिटांत भरली तर मिनिटाला दीड लिटर, म्हणजे दिवसाला २,१६० लिटर. जलजीवन मिशनचा माणशी ५५ लिटरचा हिशोब धरला तर पाच जणांना २७५ लिटर लागतात. दोन म्हशींचे पिणं-धुणं मिळून दीडशे धरा. मिनिटाला अर्धा लिटर आला तरी दिवसाचे ७२० लिटर होतात आणि घर चालतं, फक्त रात्रीचं पाणी साठायला १,००० लिटरची टाकी हवी. त्याहून कमी असेल तर झरा पिण्यापुरता ठेवा आणि बाकीची सोय विहिरीवर करा.

मोजतानाच एक गोष्ट तपासा. खऱ्या झऱ्याच्या पाण्याचं तापमान वर्षभर जवळपास सारखं राहतं आणि सरीनंतर लगेच पाणी गढूळ होत नाही. पाऊस पडून तासाभरात रंग बदलत असेल तर वरचं वाहतं पाणी कुठूनतरी आत शिरतंय. असं शिरणं पेटी (झऱ्याच्या मुखावर बांधायची बंद टाकी) नीट बांधली तर बहुतेकदा थांबतं, पण तो नुसताच पावसाळी पाझर असेल तर त्यावर पैसे घालू नका.

सड्याखाली झरे का फुटतात हे समजलं की खणायचं कुठे ते कळतं. जांभा सच्छिद्र, पाणी त्यातून खाली उतरतं. त्याच्याखाली पांढरट-पिवळसर चिकण थर असतो, तो पाणी पुढे जाऊ देत नाही. मग पाणी त्या थरावरून आडवं सरकत उताराला बाहेर येतं. म्हणूनच एका सड्याखालचे झरे बहुधा साधारण एकाच पातळीवर सापडतात. तुम्हाला पोचायचंय ते जांभा आणि चिकण थर जिथे भेटतात तिथे. तो चिकण थर म्हणजे तुमच्या झऱ्याचा तळ. त्याला खोलवर भोक पाडलंत तर पाणी खाली निघून जाईल आणि परत मिळणार नाही. म्हणून जेसीबी नको, सुरुंग तर अजिबात नको. पहार, फावडं आणि धीर. पाण्याचा माग धरून आत खणत जा, एक ते दोन मीटरवर सहसा पाणी घट्ट थरातून एका-दोन जागांहून येताना दिसतं. तिथे थांबा. मुखं अनेक असतील तर भोकं पाडलेला ६३ मिमीचा पीव्हीसी पाइप खडीत आडवा पुरून सगळ्यांचं पाणी एकत्र करता येतं.

आता पेटी. आतून मीटर बाय मीटर, उंची मीटरभर, एवढी एका घराला पुरते. डोंगराकडची भिंत गडग्यासारखी कोरडी (सिमेंटशिवाय) रचायची, म्हणजे सांध्यांतून पाणी आत येईल. तिच्यामागे धुतलेली खडी भरा, मुखाशी ४० मिमीची आणि भिंतीकडे त्याहून मोठे दगड. खडी काळ्या दगडाचीच घ्या. जांभ्याचे तुकडे झिजून लाल गाळ सोडत राहतात. पुढची आणि बाजूच्या भिंती पक्क्या, पाया चिकण थरात १५-२० सेंमी रुतवलेला. तो रुतवला नाही तर पाणी भिंतीखालून वाट काढतं आणि दोन वर्षांत पेटी कोरडी आणि खालचा व्हाळ (ओढा) भरलेला असं चित्र दिसतं. चिऱ्यांची (जांभ्याच्या घडीव दगडांची) भिंत घालणार असाल तर आतून १:३ सिमेंट-वाळूचा २० मिमी जाड गिलावा हवाच, चिरा स्वतः पाणी धरत नाही. पाणी बाजूने येत असेल तर तळाला काँक्रीट, खालून उमळत असेल तर तळ उघडा ठेवून नुसती खडी.

पेटीला तीन पाइप लागतात. तळाशी ६३ मिमीचा धुण्याचा पाइप, बाहेर टोपण लावलेला. तळापासून १५ सेंमी वर घराकडे जाणारा, आत जाळीचा गाळणा बसवलेला. आणि वर जास्तीचं पाणी बाहेर सोडणारा सांडव्याचा. संपूर्ण कामात सर्वांत महत्त्वाचा आकडा कुठला असेल तर या सांडव्याची उंची. खणून झाल्यावर पाणी ज्या पातळीला आपसूक बाहेर पडत होतं, तिच्याच बरोबरीने किंवा दोन बोटं खाली सांडवा ठेवा. जास्त साठा व्हावा म्हणून भिंत उंचावून पाणी अडवण्याचा मोह अनेकांना होतो. मग मुखावर उलटा दाब पडतो आणि पाणी दुसरी सोपी वाट शोधतं. झरा आटला असं म्हणतात ती पुष्कळ प्रकरणं ही असतात: झरा आटलेला नसतो, दहा मीटर पलीकडे फुटलेला असतो. साठा करायचा तो खाली, वेगळ्या टाकीत.

सांडवा पावसाळ्याच्या मापाने घ्या. मेमध्ये मिनिटाला दोन लिटर देणारा झरा जुलैत पन्नास-शंभर देऊ शकतो, तेव्हा ९० किंवा ११० मिमी. त्याच्या तोंडाला न गंजणारी डासाची जाळी लावा आणि तिच्यावर खेकडे थांबवणारी जाड जाळी. खेकड्यांना हलकं घेऊ नका, भिंतीच्या कडेने बिळं करून पेटीला गळती लावण्यात त्यांचा हात मोठा.

झाकण आरसीसीचं, ७५ मिमी जाड, ८ मिमी सळ्या १५ सेंमीवर. माणूस उतरायच्या तोंडाला १० सेंमीचा उंच काठ आणि त्यावर डब्याच्या झाकणासारखं बाहेरून बसणारं, कुलूप लागणारं झाकण. मागच्या खडीवर जाड प्लास्टिक, त्यावर ३० सेंमी चिकणमाती चोपून, त्यावर माती आणि गवत. पेटीच्या वरच्या अंगाला आठ-दहा मीटरवर अर्धचंद्राकार चर, ४५ सेंमी खोल, म्हणजे उतारावरचं पाणी बाजूने जाईल. आतल्या भागाला कुंपण. पेटीला चिकटून बांबू किंवा पोफळ नको, मुळं सांध्यांत शिरतात. पण वरची झाडं तोडू नका.

वरच्या बाजूला शौचालयाचा शोषखड्डा किंवा गोठा आहे का ते बघा. ३० मीटर अंतराचा जो नियम सांगितला जातो तो मातीच्या जमिनीसाठी बरा आहे. जांभ्यात पोकळ्या आणि भुयारासारख्या वाटा असतात, त्यांतून मैलापाणी गाळलं न जाता पुष्कळ लांब जातं. त्यामुळे मुखाच्या वरच्या अंगाला शोषखड्डा असेल तर तो किती मीटरवर आहे यापेक्षा पाण्याची तपासणी काय सांगते ते महत्त्वाचं.

पाइपचं गणित. एचडीपीई (प्लास्टिकचा), ६ किलो दाबाचा, आयएस ४९८४ छाप असलेला. मिनिटाला १० लिटर वाहिले तर दर १०० मीटरला घर्षणात २० मिमी पाइपात साधारण ६ मीटर उंची खर्च होते, २५ मिमीत पावणेदोन मीटर, ३२ मिमीत अर्धा मीटर. तुमच्याकडे १८ मीटर आहेत. २० मिमी बसणार नाही, २५ मिमीत पाचेक मीटर जाऊन भरपूर दाब उरतो. तरी पेटीजवळचे पहिले ७०-८० मीटर, जिथे उतार कमी असतो, तिथे ३२ टाका आणि उतार लागला की २५ करा. उलटं कधीच नको, वर बारीक आणि खाली मोठा पाइप हवा धरतो.

हवेबद्दल थोडं सविस्तर, कारण मार्चनंतर पाणी बंद पडलं अशा तक्रारींचं कारण बहुतेक वेळा हेच निघतं. उन्हाळ्यात झऱ्याची आवक पाइपच्या क्षमतेपेक्षा कमी होते. पेटीतली पातळी पाइपच्या तोंडापर्यंत उतरते आणि पाण्याबरोबर हवा आत ओढली जाते. ही हवा पाइपच्या प्रत्येक उंचवट्यावर अडकून बसते. असे तीन-चार उंचवटे असले की सगळ्यांचा विरोध मिळून उपलब्ध उंची संपते आणि धार थांबते. झरा वाहतोय, नळ कोरडा. यावर उपाय तीन. पाइप टाकतानाच पाण्याच्या नळीने पातळी बघत सलग उतार ठेवा, आणि कुठेही तो पेटीतल्या पाण्याच्या पातळीच्या वर चढू देऊ नका. टाळता न येणाऱ्या उंचवट्यावर टी लावून १५ मिमीचा कॉक बसवा, हवा हाताने सोडता येते. आणि घराकडच्या टोकाला व्हॉल्व्ह ठेवून उन्हाळ्यात तो आवकेएवढाच उघडा, म्हणजे पाइप भरलेला राहील आणि पेटी रिकामी होणार नाही. सर्वांत खोलगट जागी गाळ काढायचा कॉक विसरू नका.

घरच्या टाकीला बॉल कॉक बसवा. टाकी भरली की पाणी पाइपात थांबतं, पेटी भरते आणि जास्तीचं पाणी सांडव्यातून व्हाळाला मिळतं. खालच्यांचं आणि रानाचं पाणी तुटत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. १८ मीटरचा दाब पावणेदोन किलोच्या आसपास, ६ किलोच्या पाइपला काहीच नाही.

पाइप दोन फूट खोल पुरा. उघडा एचडीपीई भाजावळीत (शेत भाजताना) किंवा वणव्यात वितळतो, साळिंदर कुरतडतं, रानडुकरं उकरतात.

आता पिण्याचं. जांभ्यातलं पाणी मऊ, क्षार अगदी कमी आणि थोडं आम्लधर्मी असतं, सामू (पीएच) बऱ्याचदा ६.५ च्या खाली. म्हणून आरओ घेऊ नका. आधीच कमी असलेले क्षार आणखी काढून निम्मं पाणी फेकण्यात अर्थ नाही, आणि विकणारा हे सांगणार नाही. जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइपही नको, आम्ल पाणी त्याचा जस्ताचा मुलामा खातं. टाकीत पाणी तीन-चार पायऱ्यांवरून उडतं पाडलंत तर विरघळलेला कार्बन डायऑक्साइड उडून सामू सुधारतो आणि लोहही खाली बसतं. पेटीत लालसर बुळबुळीत थर किंवा तेलासारखा तवंग दिसला तर काडीने हलवा. काचेसारखे तुकडे झाले तर तो लोहजिवाणूंचा, परत लगेच जुळून आला तर खरंच तेल.

जंतूंची तपासणी मात्र दोनदा करायची, मेअखेर आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत नमुना द्या. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० मानकाप्रमाणे १०० मिलीत ई. कोलाय शून्य हवा आणि नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या आत. मधल्या काळात एच२एस बाटली (जंतू दाखवणारी घरगुती चाचणी) वापरा, ४८ तासांत काळी पडली तर पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका.

बांधकाम झाल्यावर पेटी आणि टाकी एकदा जोरदार क्लोरिनने धुवा: १,००० लिटरला ताजी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर १५० ग्रॅम. १२ तास ठेवा, मग नळ सोडून वास जाईपर्यंत वाहू द्या. हे पाणी व्हाळात सोडू नका, मासे मरतात, मोकळ्या जमिनीत जिरवा. नेहमीच्या वापराला हजार लिटरला ६ ग्रॅम पुरतात. बादलीत कालवून निवळी तेवढी टाकीत घाला, अर्धा तास थांबा आणि ओटी तपासणीत (पाण्यात क्लोरिन उरलं का ते दाखवणाऱ्या) पिवळी छटा येते का बघा. न आल्यास पावडर जुनी झाली आहे, दमट हवेत तिची ताकद लवकर जाते. गढूळ पाण्यात क्लोरिन वाया जातं, यूव्ही (अतिनील किरणांचा) फिल्टरही निकामी ठरतो. म्हणून पहिल्या पावसाचे काही दिवस घराकडचा व्हॉल्व्ह बंद ठेवून पेटी सांडव्यातून वाहू द्या.

देखभाल फार नाही. मृगाच्या आधी पेटी उपसून गाळ काढा, चर साफ करा, जाळ्या बघा. दिवाळीनंतर पुन्हा एकदा. बादलीची मोजणी दर महिन्याला करून तारखेसह वहीत लिहा. वरच्या सड्यावर चिरेखाण किंवा बोअर सुरू झाली तर परिणाम सगळ्यात आधी त्या वहीत दिसेल, आणि ग्रामसभेत बोलायला हातात आकडे असतील.

झरा किंवा पाइपची वाट दुसऱ्याच्या जमिनीत असेल तर खणण्याआधी नोंदणीकृत संमतीपत्र करा आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कात नोंद लावून घ्या. तोंडी परवानगी जमीन विकली गेली की संपते. वनजमीन असेल तर वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय चरसुद्धा खणू नका.

मेअखेरची मोजणी आणि पाइपच्या वाटेवर दर ५० मीटरला उंची किती उतरते ते इथे लिहा, ३२ वरून २५ कुठे करायचा आणि हवेचे कॉक कुठे लागतील ते नेमकं सांगता येईल.