शर्ली टेंपल, पण मोठ्यांसाठी

शर्ली टेंपल म्हणजे लहान मुलांना देतात ते जिंजर एल आणि लाल सिरपचं, दारू नसलेलं गोड पेय. पहिल्या ग्लासात गडबड होते ती सिरपमुळे. बाटलीतलं लालभडक ग्रेनाडिन (मुळात डाळिंबाचं सिरप) म्हणजे बहुतेकदा नुसती साखर आणि रंग. ते विसरा. डाळिंबाचा रस आणि साखर समसमान घ्या, मंद आचेवर साखर विरघळेपर्यंतच ढवळा. खळखळ उकळलंत तर जॅमची चव लागते (माझं पहिलं पातेलं असंच वाया गेलं).

मग ग्लासात:

- भरपूर बर्फ
- सिरप १५ मिली, हात आखडता ठेवा
- लिंबाचा रस तेवढाच; बालपणीचा गोडमिट्टपणा तोच मोडतो
- जिंजर एल (आल्याच्या चवीचा गोड सोडा) शेवटी, थंडगार, कडेने हळूच

चमचा तळापासून एकदाच वर उचला. गरगर फिरवलात की बुडबुडे गेलेच. बिटर्स (थेंबभर घालायचा कडवट अर्क), रम वगैरे नंतर बघू.