घाट, मंडई आणि मारबत: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

पोळा जवळ आला की या सदराकडे येणारी पत्रं एकदम वाढतात. यावेळी बहुतेक पत्रं नागपूर शहरातली नाहीत. कामठी, खापा, मौदा अशा कन्हानकाठच्या गावांतून आलेली आहेत आणि एक मोवाडचं आहे. शहरातल्या मंडळाला मैदान मिळालं की निम्मं काम संपतं. नदीकाठच्या गावाला नदीलाही विचारावं लागतं. म्हणून यंदा ही पत्रं एकत्र घेतली.

कामठीहून एका गणेश मंडळाचे कार्यकर्ते विचारतात: आमचं विसर्जन दरवर्षी महादेव घाटावर असते. यंदा पोट्ट्यांनी नऊ फुटांच्या मूर्तीचा हट्ट धरला आहे. घाटावर काय तयारी करावी?

मूर्तीचं नंतर बोलू, भाऊ. आधी पाण्याचं.

कामठीजवळ बिना संगमावर कन्हानला पेंच आणि कोलार येऊन मिळतात. पेंचवर तोतलाडोह आणि नवेगाव खैरी ही धरणं आहेत, आणि त्यांच्याही वर मध्य प्रदेशात चौराईचं धरण. भाद्रपदापर्यंत ही धरणं भरत आलेली असतात. छिंदवाड्याकडे रात्री पाऊस झाला की दारं उघडतात आणि कामठीत लख्ख ऊन पडलेलं असताना घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली जातात. त्यामुळे आभाळाकडे पाहून काहीही ठरवू नका. मंडळातला एक माणूस त्या दिवशी फक्त एवढ्याच कामाला ठेवा: सकाळी, दुपारी आणि मिरवणूक निघायच्या आधी तहसीलच्या नियंत्रण कक्षाला फोन करून वरून किती पाणी सोडलं ते विचारायचं. त्याला ढोल देऊ नका, फोनची रिंग ऐकू येणार नाही.

दुसरी गोष्ट रेतीची. रेतीघाटांवर वर्षभर उपसा चालतो, म्हणून नदीचा तळ मागच्या वर्षीचा राहत नाही. ‘इथं कमरेएवढंच पाणी असते’ हे वाक्य मागच्या वर्षी खरं असेल. यंदा त्याच जागी दोन पुरुष खोल खड्डा असू शकतो, आणि वरून पाणी गढूळ असल्यामुळे तो दिसत नाही. पट्टीचे पोहणारेही अशाच खड्ड्यांत जातात. तळ कुठे बदलला हे नदीवर रोज जाळं टाकणाऱ्या ढिवर मंडळींना ठाऊक असतं. विसर्जनाच्या दोन दिवस आधी त्यांच्यातल्या कोणाला तरी घेऊन घाट पाहून या. मूर्ती घेऊन पाण्यात उतरणारी माणसंही त्यांनीच निवडावीत. त्यांना शेला-नारळ देऊन मोकळे होऊ नका, दिवसाची पूर्ण रोजी द्या. बाकीच्यांनी दोराच्या अलीकडे थांबायचं. दारू घेतलेल्या माणसाने पाण्यात पाय घालायचा नाही, मग तो अध्यक्षाचा साळा का असेना.

आता नऊ फूट. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना पीओपीच्या मूर्तींच्या विरोधात आहेत आणि नैसर्गिक पाण्यात पीओपी जाऊ नये हे आता न्यायालयांनीही बजावलं आहे. प्लास्टर पाण्यात विरघळत नाही. चार दिवसांनी पाणी उतरलं की सोंड आणि हात रेतीत उघडे पडतात, ते तुम्ही पाहिलेलंच असेल. शिवाय याच कन्हानचं पाणी शुद्ध करून नागपूरच्या मोठ्या भागाला प्यायला जातं. मातीची नऊ फुटी मूर्ती घडवता येते, पण तिचं वजन तुमच्या ट्रॅक्टरला आणि घाटाच्या उताराला झेपणार नाही. महालातल्या चितार ओळीत जा, कारागिराला घाटाचा उतार सांगा आणि उंची त्याच्यावर सोडा. माझं मत विचाराल तर चार फूट पुष्कळ झाले. निर्माल्याच्या टोपल्या मात्र घाटावर नको, मिरवणूक निघते तिथेच ठेवा. घाटावर पोचल्यावर कोणी शोधत बसत नाही.

आणि ‘आमच्याकडे कधी काही झालं नाही’ हे मला लिहून पाठवू नका. २३ सप्टेंबर २०२३ ला पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि एरवी नाला म्हणून हिणवली जाणारी नाग नदी लोकांच्या स्वयंपाकघरात शिरली. गणपती बसून तेव्हा चारच दिवस झाले होते.

खाप्याहून एक खजिनदार: आमचं मंडळ नोंदणीकृत नाही. वर्गणी गोळा करायला परवानगी लागते का? आणि हिशेबावरून दरवर्षी भांडणं होतात, त्याचं काय करावं?

लागते. नोंदणी नसलेल्या मंडळाने धार्मिक किंवा समाजाच्या कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करायचे असतील तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क खाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. अर्ज ऑनलाइन करता येतो. मागच्या वर्षीचा हिशेब त्यात मागतात, आणि बहुतेक मंडळांचं घोडं तिथेच अडतं.

भांडणाचं म्हणाल तर तुमच्या पत्रातच उत्तर आहे. तुम्ही लिहिता की हिशेब ‘बैठकीत वाचून दाखवतो’. वाचून दाखवलेला हिशेब कोणाच्याच लक्षात राहत नाही, संशय तेवढा राहतो. विसर्जनानंतर आठ दिवसांत जमा-खर्चाचा कागद देवळाच्या भिंतीवर चिकटवा. मांडववाला, वाजंत्री, महाप्रसादाचा किराणा, सगळं वेगवेगळं लिहा. पावतीपुस्तकांवर क्रमांक हवेत, आणि न वापरलेली पुस्तकंही परत जमा करून घ्या. पाच हजार देणाऱ्याचं नाव मोठ्या अक्षरात आणि एकवीस रुपये देणाऱ्या म्हातारीचं नाव गायब, असं करू नका. ती म्हातारी कागद वाचायला नातवाला घेऊन येते. किलकिले डोळे करून शोधते आणि नाव दिसलं नाही तर पुढच्या वर्षी दार उघडत नाही. खजिनदार दर दोन वर्षांनी बदला. तुम्ही चांगले असाल, तरीही.

नोकरीमुळे पुण्याहून नागपुरात आलेल्या एक ताई: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांना काय दाखवावं? ऑफिसात कोणी मारबत म्हणतं, कोणी पांढुर्ण्याची गोटमार.

ताई, गोटमार नको. पांढुर्णा इथून शंभर किलोमीटरच्या आतबाहेर, मध्य प्रदेशात. जाम नदीच्या एका काठाला पांढुर्णा आणि दुसऱ्या काठाला सावरगाव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवून त्यावर झेंडा लावतात आणि दोन्ही काठांवरून दगडफेक चालते. दरवर्षी शेकडो माणसं जखमी होतात, आजवर जीवही गेले आहेत. प्रशासनाने रबराचे चेंडू देऊन पाहिलं, लोकांनी दगडच उचलले. परंपरेचा मला आदर आहे, पण ज्या कार्यक्रमाला आधी अँब्युलन्स आणून उभ्या कराव्या लागतात तिथे मी कोणाच्या लेकराला पाठवणार नाही.

एक दिवस आधीपासून सुरुवात करा. पोळा श्रावण अमावस्येचा. त्याच्या आदल्या संध्याकाळी शेतकरी बैलांचे खांदे हळद-लोण्याने शेकतात आणि त्यांना आमंत्रण देतात: ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.’ दुसऱ्या दिवशी गावाच्या आखरावर, म्हणजे गुरं जमतात त्या मैदानावर, आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहतात, झडत्या म्हणजे पोळ्याची कवनं होतात. ‘एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव’ असं म्हणून एक जण झडती सुरू करतो आणि मग सरपंचापासून कापसाच्या भावापर्यंत सगळ्यांची उजळणी होते. तोरण तुटलं की पोळा फुटला. हे पाहायला नागपूरच्या बाहेरचं कुठलंही गाव चालेल, फक्त आखरावर गाडी नेऊ नका.

अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी शहरात मारबत, म्हणजे इडा-पीडा घालवायला मिरवत नेतात तो मोठा पुतळा. काळी आणि पिवळी, दोन्ही मिरवणुका एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चालत आल्या आहेत. पिवळी जागनाथ बुधवारीतल्या तऱ्हाणे तेली समाजाची. इतवारीत दोघींची गाठ पडते तेव्हा गर्दी मावत नाही, म्हणून लहान मुलांना घेऊन नेमकं त्या चौकात उभं राहू नका. मिरवणुकीच्या रस्त्यावरच्या कोणा ओळखीच्यांच्या गॅलरीतून बघा. ‘इडा पीडा घेऊन जाय गे मारबत’ हा गजर मुलांना पाठ होईल. बडग्यांवरच्या, म्हणजे मारबतीसोबतच्या पुतळ्यांवरच्या, पाट्या मुलांना समजावून सांगताना मात्र थोडी पंचाईत होईल, कारण त्यांत त्या वर्षीच्या साऱ्या पुढाऱ्यांची खरडपट्टी असते आणि भाषा इतवारीचीच असते.

आणि संध्याकाळी तान्हा पोळा. मुलांसाठी लाकडी बैल आणा, सजवा, शेजाऱ्यांच्या दारी पाठवा. जो कोणी बैल घेऊन दारी येईल त्याला बोजारा द्यायचा, म्हणजे दहा-वीस रुपये किंवा खाऊ. सुट्टे पैसे आधीच काढून ठेवा. फ्लॅटच्या सोसायटीत तान्हा पोळा भरत नसेल तर तुम्हीच भरवा. पुण्याच्या माणसाने भरवला म्हणून कोणी नाही म्हणणार नाही.

मौद्याकडच्या एका गावातून: दिवाळीनंतर आमची मंडई असते. पूर्वी रात्रभर खडी गंमत, म्हणजे आपलं लोकनाट्य, व्हायची. आता पोरं म्हणतात शहरातला ऑर्केस्ट्रा आणू, आमदार पैसे देतात. म्हातारे रुसले आहेत.

मंडई म्हणजे पाहुण्यांचा सण. सासरी गेलेल्या लेकी येतात, लग्नं जुळतात, दिवसा बाजार आणि रात्री करमणूक. करमणूक कोणतीही असो, गावातल्या किती लोकांना तिच्यात काम आहे हे मी आधी पाहीन. खडी गंमतीत ढोलकीवाला गावचा, शाहीर शेजारच्या गावचा, नाच्याला सगळे नावाने ओळखतात, आणि मध्येच कोणाच्या तरी घरचं भांडण गमतीत येऊन पडतं. ऑर्केस्ट्र्यात गाव खुर्च्या मांडतं आणि बघत बसतं. आमदारांचे पैसे संपले की पुढच्या वर्षी खुर्च्याही नाहीत.

पण म्हाताऱ्यांनीही ऐकावं. लाउडस्पीकर रात्री दहानंतर बंद, हा कायदा आहे. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं आणि तुमची मंडई त्या दिवसांत असेलच असं नाही. ‘आमचा मांडव बंद आहे’ असंही म्हणू नका, कनातीचा मांडव म्हणजे बंद सभागृह नव्हे. तेव्हा गंमत संध्याकाळी सहाला सुरू करा आणि दहाला भोंगे बंद करा. त्यानंतर ज्यांना बसायचं ते ढोलकी-डफावर, जवळजवळ बसून, शेजाऱ्यांची झोप न मोडता बसतील. ऑर्केस्ट्रा आणायचाच तर दुसऱ्या दिवशी आणा, आणि गंमतीच्या मंडळींना त्याच्याइतकीच सुपारी द्या. आमदारांना हे आधी सांगा. ते ऐकतात की नाही त्यावरून पुढच्या मंडईचंही कळेल.

कामठीची एक युवती: धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आमचा गट रस्त्यावर भोजनदान करतो. आणखी काय करता येईल?

जेवण देणारे त्या दिवशी पुष्कळ असतात. दीक्षाभूमीवरून कामठीच्या ड्रॅगन पॅलेस बुद्धविहाराला येणारे लोक पोट भरूनच येतात. कमी पडतं ते पाणी, आणि पत्रावळी उचलणारे हात. यंदा भाताचा एक गंज कमी करा, प्यायच्या पाण्याचा टँकर ठेवा आणि बायांसाठी स्वच्छ संडास कुठे आहेत त्याची मोठ्या अक्षरातली पाटी लावा. मराठवाड्यातून आलेल्या म्हाताऱ्या माणसाला परतीची गाडी कुठून सुटते हे सांगणारा एक जण रात्री उशिरापर्यंत बसू द्या.

मूळचे मोवाडचे, आता नागपुरात राहणारे एक गृहस्थ: ३० जुलैला आमच्या घरात कोणी बोलत नाही. १९९१ मध्ये वर्धा नदीच्या पुरात आमची माणसं गेली. माझ्या मुलांना यातलं काही माहीत नाही. नागपुरातल्या मोवाडकरांनी मिळून काही करावं असं वाटतं. भाषणं नकोत.

भाषणं नकोतच. त्या पुराने दोनशेहून जास्त माणसं नेली, आणि तो पूर आठवतो अशी माणसं आता चाळिशीच्या पुढे आहेत. तेव्हाच्या कर्त्या पिढीतले तर कमी होत चालले असतील. म्हणून यंदा एकच काम करा. कोणाच्या तरी घरी सात-आठ जण जमा, मोठा ड्रॉइंगचा कागद पसरा आणि जुन्या गावाचा नकाशा काढा. नदी कुठे, बाजार कुठे, कोणाचं घर कुठे, विहीर कोणाच्या अंगणात. बोलायला न धजणारा माणूस ‘नाही, तिथं नव्हतं आमचं घर, इकडं होतं’ एवढं तरी म्हणतो, आणि तिथून पुढे आपोआप बोलू लागतो. मुलांना लिहायला बसवा. रेकॉर्डिंग करायचं तर विचारून करा, आणि कोणी थांबवा म्हणालं तर लगेच थांबवा.

पाणी कुठपर्यंत चढलं होतं ते नकाशावर वेगळ्या रंगाने दाखवा. जलसंपदा विभाग नद्यांच्या निळ्या आणि लाल पूररेषा आखतो: निळी साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. तुमच्या आठवणीतली रेषा त्या शेजारी ठेवून पाहा आणि नकाशाची एक प्रत मोवाडच्या नगर परिषदेला, एक तिथल्या शाळेला द्या. नावांची यादी करताना जात-धर्म, श्रीमंत-गरीब असा क्रम लावू नका, गल्लीप्रमाणे लावा. जेवण साधं ठेवा. तुमच्या पत्नीने या दिवशी काय करावं असं विचारलंत, तर तेही त्यांनाच विचारा. त्याही त्याच पुरातून आल्या आहेत असं तुमच्या पत्रावरून दिसतं.

सावनेरहून, नाव न देता: शेजारच्या मंडळाचा डीजे रात्री साडेअकरापर्यंत चालतो. आई आजारी आहे. तक्रार केली तर गावात वाईट होतो.

आधी मंडळातल्या ज्या पोराला तुमच्या आईने लहानपणी खाऊ दिला असेल त्याला घरी बोलवा आणि आईच्या खाटेशेजारी पाच मिनिटं बसवा. त्यानेही आवाज उतरला नाही तर ११२ वर फोन करा. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे आणि डीजे त्याच्या फार वर वाजतो. वाईट व्हायची भीती असेल तर गल्लीतल्या चार घरांनी मिळून फोन करा, म्हणजे एकट्याचं नाव पुढे येणार नाही.