साडेपाच वर्षांच्या मुलीला घरीच शिकवायचंय. रोज किती तास बसवू आणि कोणती वर्कबुकं घेऊ?

प्रश्नात तुम्ही म्हटलंय की मुलीला शाळेत घालायचं नाही असं ठरलंय, फ्लॅटला अंगण नाही, आणि घरातली मोठी माणसं सारखी विचारतात, 'पण दाखवायला काय आहे?' त्या शेवटच्या वाक्यासाठी हे लिहायला बसले, कारण हा वाद माझ्या चांगलाच ओळखीचा आहे.

वर्कबुक घेऊ नका, एकही. भरलेली पानं पाहुण्यांसमोर ठेवता येतात, एवढाच त्यांचा उपयोग. तुटक रेघांवरून 'अ' गिरवणारं मूल पेन्सिल फिरवत असतं, 'अ' वाचत नसतं. त्या पैशात कढीपत्त्याचं किंवा लिंबाचं रोप आणा आणि खिडकीच्या जाळीत ठेवा. त्यावर फुलपाखरं अंडी घालतात, त्यातून निघालेल्या अळ्या पाळणं हाच तिचा अभ्यास. रोपवाटिकेतून आणलंत तर महिनाभर नुसतं पाणी घाला, पानांवर औषध मारलेलं असू शकतं. अळ्या मरण्याचं पहिलं कारण तेच. बाजारातली कढीपत्त्याची जुडी तर अळीला घालूच नका.

पावसाळ्यात कोवळ्या पानांवर खसखशीएवढं पिवळसर, गोल अंडं दिसलं की बहुतेक लिंबाच्या फुलपाखराचं असतं, नाहीतर त्याच्याच भाऊबंदांपैकी कुणाचं तरी. महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू (२०१५ पासून) ब्लू मॉर्मन, तेही याच कुळातलं, त्याच्या अळ्याही लिंबाच्या जातीच्या झाडांवर वाढतात. साधारण तीन-चार दिवसांत अंडं काळवंडतं, अळी बाहेर येते आणि आधी अंड्याचं टरफल खाते. पुढे बरेच दिवस ती हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते. ती असते पानावर आणि आपण शोधत बसतो, हा पहिला धडा. चौथी कात टाकली की हिरवीगार होते.

रुंद तोंडाची बरणी घ्या. झाकण न लावता तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा रबरबँडने बसवा. झाकणाला भोकं पाडून भागत नाही, आत वाफ धरते, लेंड्यांना बुरशी येते आणि अळी सडते. तळाला साधा कागद घाला आणि रोज बदला. फांदी ताजी राहावी म्हणून होमिओपॅथीच्या छोट्या बाटलीत पाण्यात खोचा, पण बाटलीचं तोंड कापसाने गच्च बंद करा, नाहीतर अळी देठावरून खाली उतरून पाण्यात बुडते. एका वेळी दोनच अळ्या पाळा. शेवटच्या चार-पाच दिवसांत त्या इतक्या खातात की छोटी कुंडी बोडकी होते. कढीपत्त्यावर सापडलेली अळी कढीपत्त्यावरच ठेवा, मधेच लिंबाची पानं दिली तर तोंड लावेलच असं नाही. बोटांनी उचलू नका, रंगाच्या मऊ ब्रशवर चढू द्या. डिवचलं तर ती डोक्यामागून केशरी-लाल दोन शिंगं काढते आणि उग्र वास सोडते. मुलीला तो वास एकदा घेऊ द्या, रोज मात्र नाही.

पालक घाबरतात ते पुढच्या टप्प्याला. अळी खाणं सोडते, पातळ विष्ठा करते आणि बरणीभर सैरावैरा फिरते. आजारी नसते ती, कोषासाठी जागा शोधत असते. तिरकी, खरबरीत, वाळकी काडी आत उभी करा. कमरेला रेशमाचा धागा बांधून ती एखादा दिवस निपचित राहते, मग शेवटची कात टाकते. या वेळी बरणी हलवली तर कोष निसटून पडतो. पडलाच तर कागदाचा छोटा कोन करून भिंतीला चिकटवा आणि डोक्याची बाजू वर ठेवून कोष त्यात टेकवा. आठ-दहा दिवसांनी (थंडीत जास्त) कोषातून पंखांचे रंग दिसायला लागले की दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर उठा. बाहेर आलेल्या फुलपाखराला चढून लटकायला काडी किंवा कापड लागतंच. गुळगुळीत प्लास्टिकवर ते घसरतं आणि पंख कायमचे चुरगळलेले राहतात. खाली पडतं ते तांबूस पाणी रक्त नव्हे. तीन-चार तासांनी, ऊन असताना सोडून द्या.

कधीकधी कोष काळा पडतो आणि त्याला भोक पाडून बारीक गांधीलमाशी बाहेर येते. तिच्या आईने आधीच आत अंडी घातलेली असतात. हे मुलीपासून लपवू नका.

आता गणित. दोऱ्याने अळीची लांबी मोजा, दोरा कापून तारखेखाली वहीत चिकटवा. आठवड्याभराने दोऱ्यांचा चढता जिना तयार होतो, आलेख म्हणजे दुसरं काय असतं? दहा-दहा चिंचोक्यांच्या पुरचुंड्या बांधा. २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात 'एकवीस'बरोबर 'वीस एक'ही आलं आणि केवढा गदारोळ झाला! मला विचाराल तर दोन्ही बाजू शब्दांवरच भांडल्या. मूल एकोणतीसला अडखळतं, कारण तीस त्याने कधी हातात धरलेले नसतात. तीन पुरचुंड्या ठेवा, एकीतला एक चिंचोका काढा आणि म्हणा, 'एक उणे तीस'. एकोणपन्नासपर्यंत ती आपली आपण जाते.

वाचनाला मुळाक्षरांचा तक्ता नको. म, न, ग, र एवढी चार अक्षरं जाड पुठ्ठ्यावर लिहा, प्रत्येकाच्या तीन-तीन चिठ्ठ्या. मग, मन, मगर, नगर, गरम, नमन, सगळं यातच आहे. पंधरा दिवसांनी काना दिला की नाग, रान, राग, मार, गार. नुसतं 'क ख ग घ' पाठ असलेल्या मुलाला यातला एकही शब्द वाचता येईल असं नाही. लिहिण्यासाठी थाळीत बोटभर जाडीची वाळू घ्या, धुऊन, वाळवून, चाळलेली. रवा घेऊ नका, मुंग्या येतात. पेन्सिलीची घाई नको. अळीबद्दल ती सांगेल ते तुम्ही वहीत तिच्याच शब्दांत लिहा आणि रात्री तिलाच वाचून दाखवा. गोष्टीची पुस्तकं लागतीलच, ज्योत्स्ना प्रकाशनाची घ्या. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठीत फुकट भरपूर आहेत, पण ती छापून द्या, मोबाइलवर नको. महागडे मॉन्टेसरी संच घेऊच नका. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डी गावात काम सुरू केलं तेव्हा शिंपले, बिया, दगड यांवरच भागवलं होतं.

तास? अक्षरं वीस मिनिटं, चिंचोके वीस मिनिटं, वाचून दाखवणं अर्धा तास. बाकी वेळ बरणी आणि स्वयंपाकघर. ती कंटाळून उठली की उठू द्या.

थोडं सावधपणाचं. धाकटं भावंड असेल तर चिंचोके उंचावर ठेवा, ते घशात अडकतात. रुईवर बिबळ्या कडवा या फुलपाखराच्या सुंदर पट्टेरी अळ्या मिळतात, पण रुईचा चीक डोळ्यात गेला तर भयंकर, या वयात नकोच. कायद्याचंही बघा. २००९ चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वर्षांसाठी शाळा धरूनच बोलतो, घरच्या शिक्षणाची वेगळी नोंदणी त्यात नाही. पुढे परीक्षा हवी असेल तर राज्य मुक्त विद्यालय मंडळ पाचवीपासून घेतं आणि एनआयओएसची (राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची) दहावी १४ पूर्ण झाल्यावर देता येते. आणि आईबाबांपैकी एकाला तरी दिवसाचे तीन-चार तास मोकळे नसतील, तर चांगली जवळची शाळा बरी, हेही तितकंच खरं.

मोठ्या माणसांना दाखवायला दोऱ्यांचं पान आहे. आणि वर्कबुक आधीच घेऊन झालं असेल, तर त्याची कोरी पानं फाडून बरणीच्या तळाला घाला.